पहिल्यापासून बांधा म्हणणारे

घट बसायच्या आधी आमच्याकडं दसरा काढतात. दसरा काढायचा म्हणजे सगळं घर धुऊन काढायचं. गोधड्या गोदावरीवर जातात, डबे उन्हात पालथे पडतात आणि वर्षभर ज्याला हात लागला नाही ते घराबाहेर जातं. लग्न होऊन नांदेडला आल्यापासून मी हे दरवर्षी केलं. त्या वर्षी फडताळ झालं, माळा झाला, आणि हाताला वेग आला होता म्हणून मी कॉम्प्युटरचाही दसरा काढला.

कॉम्प्युटर दिराचा. इंजिनिअरिंगला हॉस्टेलवर असताना त्यानं तो जुने सुटे भाग जमवून जोडला आणि नंतर मशीनसकट घरी राहायला आला. नोकरी लागून बंगळूरला जाताना तो मागं ठेवून गेला, कारण तोवर त्यावर माझं काम सुरू झालं होतं. लातूरच्या एका क्लासचे फिजिक्स आणि मॅथ्सचे पेपर मी घरी टाइप करून द्यायची. लातुरात तेव्हा गल्लीगल्लीत क्लास निघाले होते आणि प्रत्येकाला दर आठवड्याला नवा पेपर लागायचा. माझी शाळा सातवीत सुटली. बारावीच्या पोरांचे इंग्रजी पेपर मी टाइप करते हे माहेरी सांगितलं तर कुणाला पटायचं नाही. मला त्यातलं एक वाक्य कळत नव्हतं. पण सूत्र चुकलं तर कळायचं. चार वर्षं रोज बघितल्यावर वाकडी बसलेली टोपी जशी कळते तसं.

हे मला दिरानं शिकवलं. दुपारी सासूबाई झोपल्या की तो कॉलेजातून यायचा आणि स्टूल ओढून बसायचा. "वहिनी, इंटिग्रेशनचं चिन्ह असं येतं." एकदाही आवाज चढवला नाही, एकदाही 'सातवी' हा शब्द काढला नाही. त्याचे उपकार मी मोजत नाही, कारण ते मोजायला बसले तर त्याच्यावर चिडता येणार नाही, आणि मला आजही चिडायचं आहे.

त्यानं त्या मशीनवर लिनक्स टाकलं होतं आणि तेही सोर्सवालं. बाकीच्यांच्या कॉम्प्युटरात प्रोग्रॅम दुकानातल्या पिठासारखे तयार येतात. ह्यात तसं नाही. प्रोग्रॅमचं मूळ लिखाण आणायचं आणि ते आपल्याच मशीनवर दळायचं. एकेका प्रोग्रॅमला तासन् तास लागतात. हॉस्टेलच्या पोरांमध्ये त्याचा मोठा मान होता. ज्याच्या मशीनवर ते चालायचं तो पोरगा वेगळाच चालायचा.

तर डिस्क भरल्याचा संदेश आला होता आणि माझा दसरा चालू होता. दिराच्या वहीत पॅकेजांची यादी बघायची आणि पॅकेज काढून टाकायची आज्ञा लिहिलेली होती. यादीत मी एकेक नाव बघत गेले. हे कधी वापरलं? नाही. जा. गाणी वाजवायचं एक होतं, पत्त्यांचा खेळ होता, कुठल्या कुठल्या भाषा होत्या. पायथन नावाचं एक होतं, ते लई जागा खाऊन बसलं होतं. मी कधी उघडलं नव्हतं. काढलं. मशीननं इंग्रजीत काहीतरी लांबलचक बजावलं आणि दहा आकडे मोजले. मी म्हटलं मोज. त्याच्या आधी आणखी दोन-तीन काढली होतीच, आता हात धुतले.

मला नंतर कळलं ते असं. त्या सिस्टीममध्ये जे यंत्र सोर्स आणतं, बांधतं आणि काढतं, ते स्वतःच पायथनवर चालतं. मी घरातली अडगळ काढताना गवंड्यालाच हाकलून दिलं होतं. बाकी जे काढलं त्यात कंपायलरची एक लायब्ररी होती, आणि तिच्यावर निम्मं मशीन उभं होतं. दुसऱ्या दिवशी मशीन चालू केलं तर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली आणि ते तिथंच अडलं; दिरानं ठेवलेली मशीन उठवायची सीडी घातली तरच उठायचं, आणि तिच्यात पेपर छापायच्या रूपात आणणारा प्रोग्रॅम नव्हता.

गुरुवार होता तो. सोमवारी सकाळी लातूरला मोठी टेस्ट होती. पेपर अर्धा झालेला आणि तो त्याच डिस्कमध्ये. त्याच्यासोबत चार वर्षांचे सगळे पेपर. लातूरला सीडीवर फक्त छापायची फाइल जायची. मी टाइप केलेलं मूळ, ज्याच्यातून दरवेळी जुने प्रश्न उचलून नवा पेपर लावता यायचा, ते फक्त माझ्याजवळ होतं. माझ्याजवळ शाळेचं सर्टिफिकेट नव्हतं. ती चार वर्षं होती.

मी बंगळूरला फोन लावला.

"पायथन काढलं?" दीर म्हणाला.

"वापरात नव्हतं."

पलीकडं हसू फुटलं. मग फोन बाजूला धरून तो खोलीतल्या पोरांना सांगून राहिला, "अरे, आमच्या वहिनीनं मशीनचा दसरा काढला." ती पोरंही हसली. मीही हसले, कारण तो हसत असताना मी हसायचं हे ठरलेलंच होतं.

"आता काय करायचं, भाऊजी?"

"आता ठिगळं लावत बसू नका. सगळी डिस्क पुसा आणि पहिल्यापासून बांधा. स्टेज वन. वहीत शेवटी हाय सगळं."

"आणि माझे पेपर?"

"कॉपी न्हाई काढली?"

"कशावर काढू? सीडीची खोबण एकच हाय, आणि तुमची सीडी आत असल्याशिवाय मशीन उठतच न्हाई."

"मग होतील की पुन्हा टाइप. तुमचा हात बसलाय आता."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ कुकरचं झाकण घासत बसले. होतील की पुन्हा टाइप. माझा हात बसलाय हे त्याला माहीत होतं, पण तो कशावर बसलाय हे नव्हतं.

वहीच्या शेवटच्या पानांवर त्यानं खरंच सगळं लिहिलेलं होतं. बांधायच्या पायऱ्या होत्या. स्टेज वन म्हणजे शून्यातून. आधी कंपायलर बांधायचा, म्हणजे ज्या जात्यावर सोर्स दळायचं ते जातंच आधी घडवायचं, मग त्याच्यावर बाकी सगळं. स्टेज थ्री म्हणजे पाया तयार मिळतो, जातं घडवलेलं असतं, तुम्ही वरचं बांधा. आणि एक सीडी होती तयार पॅकेजांची, कुठल्याशा मासिकासोबत आलेली. तिच्यात दळलेलं पीठच होतं, ओतून घ्यायचं. त्या सीडीच्या पाकिटावर दिरानं लाल पेनानं लिहिलं होतं, 'आळशी लोकांसाठी'.

मी आळशी नव्हते. मी स्टेज वन धरलं. इतकी शिकलेली माणसं म्हणतात तर तेच खरं असणार, असा माझा तेव्हा स्वभाव होता.

शुक्रवारी सकाळी लाइट आल्या आल्या मी दिराची सीडी घालून मशीन उठवलं आणि डिस्कचे भाग बघितले. चार भाग दिसले. तिसऱ्यात सिस्टीम. चौथा जोडून बघितला तर माझं फोल्डर, आणि त्यात वर्षावार माझे पेपर, जसेच्या तसे. मला रडू यायला पाहिजे होतं, पण राग आला. दिरानंच घरच्या फायलींचा भाग वेगळा पाडला होता. चांगलं केलं होतं. आणि स्वतःच विसरून मला सांगत होता, सगळी डिस्क पुसा. ज्यानं घर बांधलं त्यालाच खोल्या आठवत नव्हत्या. मी ऐकलं असतं तर?

पुसायचा होता फक्त तिसरा. तीन आणि चार, दोन आकडे शेजारीशेजारी. कीबोर्डवरही शेजारीच. आज्ञा टाइप केली आणि एंटर दाबवेना. घरी माझा नवरा होता, एसटीत कंडक्टर, नांदेड-लातूर गाडीवर. माझी सीडी लातूरला तोच न्यायचा. त्याची ड्यूटी दुपारची होती. मी त्याला हाक मारली.

"ह्यातला शेवटचा आकडा वाचा."

"कशाला? तुला वाचता येत न्हाई का?"

"मला मी जे समजते तेच दिसून राहिलं. तुम्ही वाचा."

त्यानं चष्मा घातला, कानावरची पेन्सिल काढून पडद्यावर टेकवली, तिकिटाच्या गठ्ठ्यावर टेकवतो तशी. "तीन."

"नीट बघा."

"तीनच हाय. चार असता तर चार म्हटलो असतो. सोळा वर्षांत एक तिकीट चुकलेलं न्हाई माझं."

"अन् त्या लोह्याच्या म्हातारीला अर्धं तिकीट दिलं ते?"

"ती म्हातारीच अर्धी होती. दाब."

मी दाबलं. चौथ्यात माझे पेपर होते तसेच होते. तिसरा कोरा झाला.

आणि मी पहिल्यापासून बांधायला बसले. वहीतली एकेक ओळ, एकेक स्पेलिंग बघून. पडद्यावरून अक्षरं पळायला लागली. मशीन जुनं. एकट्या कंपायलरला पाच तासांच्या वर लागणार हे वहीतच लिहिलेलं होतं, दिरानं त्याच्यापुढं टिंबटिंब देऊन 'मज्जा' असं लिहिलं होतं. तो हॉस्टेलला असताना लोडशेडिंग इतकं नव्हतं. आमच्याकडं त्या दिवसांत सकाळी सहा ते नऊ आणि दुपारी दीड ते पाच लाइट नसायची. रात्रीचं तर वेळापत्रकच नव्हतं. नऊ ते दीड किती झाले? साडेचार तास. जे पाच तासांत होतं ते साडेचार तासांत होणार नाही, हे सातवीच्या पोरीलाही कळतं. तरीही मी सुरू केलं, कारण सांगणारा इंजिनिअर होता.

दीडला लाइट गेली. मशीन गेलं. कंपायलर मधेच मेला, आणि मेलेला कंपायलर पुढं चालू होत नाही, पुन्हा पहिल्या ओळीपासून बांधावा लागतो.

त्याच दुपारी लातूरहून क्लासच्या सरांचा फोन आला.

"ताई, पेपर?"

"रविवारी चारच्या गाडीनं येतो, सर."

"आवाज असा का?"

मला खोटं बोलता येत नाही, अर्धंच बोलता येतं. "मशीन जरा दुरुस्तीला आहे."

"बघा बुवा. इथं गेटसमोरच दुकान झालंय. तीन पोरी बसतात, विंडोजवर पेपर करून देतात, हातोहात. मी तुमच्याकडं देतो कारण तुमचं सुबक असतं. पण सोमवारी पोरं सुबकपणा बघत नाहीत, पेपर बघतात."

"येईल, सर."

"रविवारी नाही आला तर मी त्यांच्याकडं देतो. मग पुढचंही तिकडंच जाईल, राग मानू नका."

राग मानू नका. माझा राग कुणी मागितला की नेमकी मी तेव्हाच नरम पडायची. "नाही सर, कशाला," असं म्हणाले.

रात्री जेवणं उरकून पुन्हा सुरू केलं. रात्रभर चालू ठेवलं. सकाळी उठून बघितलं तर पडदा काळा. रात्री कधीतरी लाइट गेली होती आणि आली होती. माझ्या झोपेत कंपायलर दुसऱ्यांदा मेला होता.

शनिवारी नऊला लाइट आली तेव्हा मी मशीन चालू केलं नाही. मी चहा केला, तो समोर ठेवला आणि साय धरेपर्यंत तशीच बसले. मला कुणाचा तरी लई राग येत होता आणि तो नेमका दिराचा नव्हता. कुणाचा आहे ते मला माहीत होतं. बारा वर्षं मी तिकडं बघत नव्हते.

माझं माहेर औशाकडचं. गणपती बोळवले त्या रात्री भूकंप झाला तेव्हा मी सातवीत होते. आमच्या घरातली माणसं वाचली. दगडमातीचं घर बसलं, पण आम्ही चौघंही बाहेर निघालो. पुढं सगळ्यांना नव्या गावठाणावर तयार घरं मिळायची ठरली. ओळीनं बांधलेली, एकसारखी, काँक्रीटची. माझ्या बापानं घेतलं नाही. किल्ली घ्यायला गेलाच नाही. "दुसऱ्याच्या हातच्या भिंतीत मी न्हाई झोपत," म्हणाला. "आपलं घर आपण बांधू. पायापासून."

गावात त्याचं कौतुक झालं. बाहेरून बघायला येणाऱ्या साहेबलोकांनी तर लईच केलं. पत्र्याच्या शेडसमोर त्याला उभं करून फोटो काढले. मानी माणूस. त्या फोटोंत मागं कुठंतरी मी असेन, हातात बादली घेऊन. कारण पायापासून घर बांधायचं तर विटांना पाणी लागतं. रोज सकाळ-संध्याकाळ भिंतीवर पाणी मारावं लागतं, नाहीतर सिमेंट पकडत नाही. हापसा लांब. आई शेतावर, भाऊ लहान. पाणी मारायला मी.

नव्या गावठाणावर शाळा सुरू झाली होती. ज्यांनी किल्ल्या घेतल्या त्यांच्या पोरी दारातून निघून शाळेत जायच्या. माझ्या वर्गातल्या पोरी. शाळेचे गुरुजी दोनदा आमच्या शेडवर आले. "पोरगी हुशार आहे, पाठवा."

"एवढी भिंत होऊ द्या, गुरुजी," बाप म्हणाला. "मग पाठवतो."

एक भिंत झाली की दुसरी होती. तीन वर्षं लागली घराला. चांगलं झालं घर, अजून उभं आहे, एक तडा नाही. घर झालं तेव्हा मी पंधरा-सोळाची होते. ह्या वयात सातवीच्या वर्गात कुठं बसवणार? मग आत्यानं मला बिलोलीला नेलं, तिथून स्थळ आलं आणि मी नांदेडची झाले.

हे मी बापाला कधी बोलले नाही. उलट लग्नात त्याच्या पाया पडले तेव्हा मला भरून आलं, हा माणूस कुणापुढं वाकला नाही म्हणून. तो वाकला नाही ते खरं आहे. पाण्याच्या बादल्यांनी वाकले मी. तयार घर घेणाऱ्यांना तो भेकड म्हणायचा. त्या भेकडांच्या पोरी आज मास्तरणी आहेत, नर्स आहेत, एक तर औशाच्या कचेरीत आहे. बापाचं घर एक नंबर आहे आणि ते माझ्या शाळेवर उभं आहे.

चहा मी ओतून दिला. तेवढ्यात बंगळूरहून फोन आला. शनिवारी दिराला सुट्टी असायची.

"काय वहिनी, कुठवर आलं बांधकाम?"

"कंपायलर दोनदा मेला. लाइट जाते."

"मग रात्री लावायचं ना."

"रात्रीच लावलं होतं. रात्री पण जाते."

"अरेरे. मग असं करा, सोमवारनंतर लावा निवांत. घाई कशाला? स्टेज वनची मजा वेगळीच हाय. एकेक गोष्ट आपल्या मशीनच्या मापानं शिवलेली."

"मला उद्या चारच्या गाडीनं पेपर पाठवायचाय."

"तो पेपर एखाद्या वेळी दुसऱ्याकडून घेतील की ते."

"भाऊजी, मी स्टेज थ्री टाकते. आणि वरचं सगळं त्या तयार सीडीतून ओतते."

तो हसला, अगदी प्रेमानं हसला. "तयार पॅकेजं टाकायची तर मग ही सिस्टीम ठेवायची कशाला? मग दुकानदाराला बोलवून विंडोजच टाका. वहिनी, पहिल्यापासून बांधण्यात एक इमान असतं."

त्या शब्दावर माझं डोकं फिरलं. मी आजवर दिराशी कधी वरच्या आवाजात बोलले नव्हते. त्या दिवशीही आवाज वर गेला नाही, पण जे बोलले ते थांबलं नाही.

"इमान ज्यांच्याकडं लाइट असते त्यांचं असतं, भाऊजी. तुम्ही हॉस्टेलला सुरू करून सिनेमाला जायचे आणि आल्यावर झालेलं असायचं. तुम्हाला काय लागलं त्यात? हितं मी मशीनसमोर बसून राहिले दोन दिवस, आणि सोमवारी काम जाणार माझं. तुमचं न्हाई. पायापासून बांधा म्हणायला काय जातं? पाणी दुसरं कुणीतरी मारतं ना."

"पाणी? कसलं पाणी?"

"कसलं का असेना. तुम्ही चार वर्षांचे माझे पेपर पुसा म्हणालात. ते तुम्हीच वेगळे ठेवले होते, तुम्हालाच आठवलं न्हाई. मी ऐकलं असतं तर आज काय तोंड घेऊन बसले असते? मी तुमचं नाव घेतल्याशिवाय ह्या खुर्चीत बसत न्हाई. पण आता मला सांगू नका कसं बांधायचं ते."

मग तो म्हणाला, "ठीक आहे, वहिनी." आणि फोन ठेवला.

आता हा नवऱ्याला सांगणार, नवरा मला म्हणणार, ज्यानं शिकवलं त्यालाच बोललीस. असं बरंच मी मनात करून घेतलं. आणि मग मशीन चालू केलं, कारण दीड वाजायला अडीच तास उरले होते.

स्टेज थ्रीचा पाया वीस-पंचवीस मिनिटांत पसरला. शुक्रवारपासून जे जातं दोनदा घडता घडता फुटलं होतं ते तयार, ताजं, समोर ठेवलेलं. पायथनही जागेवर. मी दिराच्या वहीतून फक्त त्या ओळी घेतल्या ज्या लागत होत्या, आणि चौथा भाग जसा होता तसा जोडून दिला. लाइट जायच्या आधी मशीन स्वतःच्या पायावर उठलं, सीडी न घालता. संध्याकाळी पाच ते नऊ 'आळशी लोकांसाठी'च्या सीडीतून पडदा, खिडक्या, एडिटर, सीडी लिहायचा प्रोग्रॅम, सगळं ओतून घेतलं. बाप कसा वागला असता हे डोळ्यांसमोर येत होतं, त्याचं ते मान फिरवणं. फिरव, म्हटलं.

एक गोष्ट त्या सीडीत नव्हती. सूत्रं मांडून पेपर लावणारा प्रोग्रॅम, म्हणजे माझं नेमकं हत्यार. ते तेवढं सोर्सवरून बांधावंच लागणार होतं. सोर्स दिराच्या सीड्यांत होता. वहीप्रमाणे अडीच-तीन तास.

रविवारी सकाळी नऊला लाइट आली, नऊ वाजून पाच मिनिटांनी मी ते बांधायला लावलं. एका पडद्यावर अक्षरं पळत होती. दुसरा काळा पडदा उघडून त्यात मी उरलेला पेपर टाइप करायला घेतला. सरांचं हस्तलिखित डाव्या बाजूला, चिमट्यात. लावून बघायची सोय नव्हती. सूत्र बरोबर बसलं का, वर्गमूळ लांबलं का, काही दिसत नव्हतं. चार वर्षांच्या सवयीवर आंधळेपणानं टाइप करत गेले. एकतिसावा प्रश्न झाला तेव्हा साडेअकरा वाजले होते. मधूनमधून पलीकडच्या पडद्यावर बघत होते. ती पळणारी अक्षरं थांबली की माझी बोटंही थांबायची, पुन्हा पळायला लागली की मी पुढचं टाइप करायची.

नवरा आंघोळ करून खाकी घालून मागं उभा राहिला. "किती राह्यलं?"

"मला काय माहीत? ते सांगत न्हाई."

"आमच्या ड्रायव्हरसारखं हाय. अहमदपूर येईपर्यंत तोंड उघडत न्हाई."

"जेवून घ्या. वाढलेलं हाय."

"तू?"

"मी नंतर."

बारा वाजून चाळीस मिनिटांनी अक्षरं थांबली आणि पुन्हा पळाली नाहीत. शेवटच्या ओळीत चूक लिहिलेली नव्हती. मी पेपर लावला. तीन ठिकाणी महिरपी कंस बंद केलेला नव्हता, ते नीट केले. पडद्यावर पेपर उभा राहिला, चाळीस प्रश्न, दोन रकान्यांत. एका आकृतीची रेघ जरा खाली घसरली होती. एक वाजून दहा मिनिटं झाली होती. ती रेघ मी तशीच सोडली. आयुष्यात पहिल्यांदा मी घसरलेली रेघ तशी सोडून दिली आणि सीडी लिहायला घातली.

त्याच सीडीवर पेपरासोबत मी माझी चार वर्षंही लिहिली, आणि तिची दुसरी प्रत काढली. पहिली नवऱ्यानं पिशवीत घातली. तो निघाला तेव्हा लाइट नव्हती.

रात्री सरांचा फोन आला. "पोचला पेपर. सोळाव्या प्रश्नाची आकृती जरा खाली आहे."

"हो, सर."

"चालतंय. पोरांना कळतंय. पुढचा शुक्रवारी द्या."

नवऱ्यानं लातूरच्या स्टँडवरच्या फोनवरून विचारलं, सगळं ठीक ना, आणि जेवलीस का. दिरानं त्याला काही सांगितलं नव्हतं. कधीच सांगितलं नाही. हेही मला त्याचे उपकारच वाटले, आणि त्याचाही थोडा राग आला, कारण मी वाट बघत होते.

दिवाळीला दीर आला. बॅग ठेवली, पाणी प्यायला आणि सरळ मशीनसमोर जाऊन बसला. मी दारातून बघत होते. त्यानं पॅकेजांची यादी काढली, वरून खाली नेली, कुठलं केव्हा आलं ते बघितलं. एखादं सोडलं तर सगळ्यांवर एकच तारीख, तीही जुनी, दुसऱ्या कुणाच्या तरी मशीनवर दळलेल्या पिठाची.

"वहिनी, ह्याला मी सोर्सवालं म्हणत न्हाई," तो म्हणाला. आवाजात चेष्टा होती आणि थोडी भीतीही.

"नका म्हणू," मी म्हटलं. "पण उठा तिथून. मला पेपर लावायचाय."

तो लगेच उठला. मी बसले आणि कामाला लागले. तो मागं उभाच होता. काहीतरी बोलेल असं वाटत होतं. मी मागं वळले नाही. माझे दोन प्रश्न टाइप झाल्यावर त्यानं विचारलं, "ते पेपर आता कुठं कुठं ठेवलेत?"

"तीन ठिकाणी. एक प्रत लातूरला सरांकडं, एक बिलोलीला आत्याच्या ट्रंकेत, एक हितं."

"आणि हितली कुठल्या भागात?"

"ते तुम्हाला कशाला सांगू?" मी म्हटलं. तो हसला नाही. मान हलवून आत गेला आणि मी पुढचा प्रश्न टाइप करायला घेतला.